वाहनात बालकाचे आसन कोणते?

(केंद्र संमेलनात प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले व्याख्यान)



१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. त्या काळी खेड्यातील मुलास मोटार ही पाहावयाची वस्तू होती, बसावयाची नव्हती. जत्रेस जाणे झाले तर बैलगाडी आणि शाळेस जाणे झाले तर स्वतःचे पाय, एवढीच त्याची वाहने. आज ती स्थिती राहिलेली नाही. वाडीवस्तीपर्यंत डांबरी सडक पोहोचली आहे. मामाच्या गावास, तालुक्याच्या दवाखान्यात, लग्नाच्या वऱ्हाडात, देवदर्शनास मूल आता मोटारीने, जीपने, रिक्षाने किंवा मोटारसायकलीने जाते. बैलगाडी तासाला जेमतेम चार-पाच किलोमीटर चालत असे. मोटार साठ-सत्तर किलोमीटर धावते. वाहन बदलले, वेग बदलला. परंतु मुलास वाहनात बसविण्याची रीत मात्र बैलगाडीच्या काळातलीच राहिली आहे. धाकटे आईच्या मांडीवर, मधले दोन आसनांच्या फटीत उभे आणि थोरले मागे सामानावर, ही ती रीत होय.

शाळेत वाहतुकीचे नियम शिकविले जातात. रस्ता कसा ओलांडावा, तांबड्या दिव्याचा अर्थ काय, डाव्या बाजूने का चालावे, हे मुले पाठ म्हणून दाखवितात. हे सर्व रस्त्यावरील मुलाविषयी झाले. वाहनाच्या आत बसलेल्या मुलाविषयी मात्र क्वचितच बोलले जाते. ते आत आहे, आईबापांजवळ आहे, म्हणून ते सुरक्षित आहे, असे सारेच धरून चालतात. या समजुतीचा विचार आज करावयाचा आहे. कारण ही समजूत प्रेमातून आलेली असली, तरी ती खरी नाही.

वाहन थांबते, शरीर थांबत नाही

उभ्याने प्रवास करणाऱ्या कोणत्याही माणसास एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. एस.टी.च्या चालकाने एकाएकी ब्रेक दाबला की सारे प्रवासी पुढे कलंडतात. त्यांना कोणी ढकललेले नसते. गाडी थांबू लागते, परंतु माणसांची शरीरे गाडीच्याच वेगाने पुढे जात राहतात. न्यूटनने सांगितलेला गतीचा पहिला नियम तो हाच. साध्या ब्रेकच्या वेळी दांडा धरून तोल सावरता येतो. परंतु गाडी झाडावर, कठड्यावर किंवा समोरून येणाऱ्या ट्रकवर आदळली, तर तिचा वेग एका सेकंदाच्या लहानशा अंशात नाहीसा होतो. मग पुढे जाणारे शरीर सुकाणूचक्रावर, पुढच्या आसनावर किंवा काचेवर आपटूनच थांबते.

या आपटण्याचा जोर किती असतो, हे हिशेबाने पाहता येईल. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे शरीर एकदम आडवणे, हे सुमारे ६ मीटर, म्हणजे वीस फूट खोल कोरड्या विहिरीत पडण्यासारखे आहे. वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर ती विहीर सुमारे १४ मीटर खोल होते. ८० असेल, तर २५ मीटर. वेग दुप्पट झाला की खोली चौपट होते, हे येथे ध्यानात येईल. कोणतीही माता आपल्या लेकरास कठडा नसलेल्या विहिरीच्या काठावर मोकळे सोडणार नाही. मोटारीत पट्ट्यावाचून बसविलेले मूल मात्र नेमके अशाच काठावर असते. फरक एवढाच, की ही विहीर दिसत नाही.

आता मांडीचा विचार करू. दहा किलो वजनाचे मूल आईने घट्ट धरले आहे आणि ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, असे धरा. त्या क्षणी ते मूल हातात धरून ठेवण्यास त्याच्या वजनाच्या सुमारे चौदापट जोर लागतो. म्हणजे १४० किलो, पन्नास किलोंची जवळजवळ तीन पोती. एवढा भार नुसत्या हातांनी पेलणे पहिलवानासही शक्य नाही, आणि तेही काही सूचना नसताना! मूल हातातून सुटणारच. शिवाय आईने स्वतः पट्टा बांधलेला नसेल, तर तीही पुढे फेकली जाते आणि मूल तिचे शरीर व पुढचे आसन यांच्यामध्ये सापडते. ५५ किलोंच्या बाईचा भार त्या क्षणी पाऊणशे पोत्यांचा नसला, तरी साडेसातशे किलोंच्या वर असतो. ज्या कुशीत मूल सर्वांत निर्भय असते, तीच कुशी त्याच्यावर कोसळते.

म्हणून या व्याख्यानाचे सार एका वाक्यात सांगावयाचे, तर ते असे: मांडी हे प्रेमाचे स्थान आहे, वाहनातील आसन नव्हे.

पट्टा कसा राखतो

मोटारीतील सुरक्षापट्टा, ज्यास सर्वत्र बेल्ट म्हणतात, तो आज ज्या स्वरूपात दिसतो ते स्वरूप स्वीडनमधील निल्स बोलिन या अभियंत्याने १९५९ साली व्होल्वो कंपनीत सिद्ध केले. त्यापूर्वी ते विमानातून वैमानिकास बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करीत असत. केवळ कमरेभोवतीचा जुना पट्टा शरीराचा वरचा भाग मोकळा सोडी. बोलिन यांनी खांदा व कंबर अशा दोहोंस धरणारा, तीन ठिकाणी खिळलेला आणि एका हाताने लावता येणारा पट्टा तयार केला. कंपनीने तो इतर कारखानदारांनाही वापरू दिला. १९७० साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने पट्टा बांधणे कायद्याने सक्तीचे केले आणि पुढे ही प्रथा जगभर पसरली. पट्ट्यामुळे मोटारीतील माणसाच्या मृत्यूचा धोका निम्म्यापर्यंत कमी होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पट्ट्याचे काम दुहेरी आहे. तो शरीरास आसनाशी धरून ठेवतो आणि आघाताचा जोर शरीराच्या बळकट हाडांवर, म्हणजे कमरेचे हाड, छातीचा पिंजरा व खांद्याचे हाड यांवर वाटून देतो. हे कळले, म्हणजे पट्टा बांधण्याचे सारे नियम आपोआप कळतात. ते असे:

कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, तर मांड्यांच्या वरच्या टोकाशी, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. पोटात हाड नाही. तेथे पट्टा रुतला, तर आतड्यांस व यकृतास इजा होते. खांद्याचा पट्टा मानेजवळून किंवा दंडावरून न जाता खांद्याच्या मध्यावरून व छातीवरून गेला पाहिजे. टोचतो म्हणून तो काखेखालून किंवा पाठीमागून घेणे म्हणजे अर्धा पट्टा टाकून देणे होय. पट्ट्यास पीळ नसावा आणि तो ढिला नसावा. एका पट्ट्यात एकच माणूस; दोन मुलांस मिळून एक पट्टा किंवा आई-मुलास मिळून एक पट्टा कधीही बांधू नये. गरोदर स्त्रीनेही पट्टा अवश्य बांधावा. मात्र कमरेचा भाग पोटाखालून आणि खांद्याचा भाग दोन्ही स्तनांमधून पोटाच्या कडेने न्यावा.

आसनाकडेही लक्ष असावे. पाठ सरळ टेकलेली असावी. आसन मागे रेलून झोपलेल्या माणसाच्या अंगावर पट्टा नीट बसत नाही आणि आघाताच्या वेळी तो पट्ट्याखालून घसरतो. डोक्यामागील उशी मानेशी न ठेवता डोक्याच्या उंचीस आणावी. मागून धक्का बसला असता मान त्यामुळे वाचते. मोकळे सामानही ध्यानात घ्यावे. मागच्या काचेजवळ ठेवलेला पाच किलोंचा तेलाचा डबा ताशी ५० किलोमीटर वेगाच्या धडकेत सत्तर किलोंच्या जोराने पुढच्या माणसाच्या डोक्यावर येतो. डबे, घागरी, नारळांची पिशवी यांची जागा डिकीत किंवा पायांशी आहे.

बालकाचे वेगळे आसन

मोटारीचा पट्टा मोठ्या माणसाच्या मापाने केलेला आहे. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हे शिक्षकांस निराळे सांगावयास नको. चित्रकलेच्या तासाला आपण मुलांस सांगतो, की मोठ्या माणसाचे डोके त्याच्या उंचीच्या सुमारे सातव्या-आठव्या भागाएवढे काढावे. नवजात अर्भकाचे डोके मात्र त्याच्या लांबीच्या चौथ्या भागाएवढे असते. एवढे जड डोके आणि ते पेलणारी मान मात्र कोवळी. समोर तोंड करून बसलेल्या अर्भकाचे डोके आघाताच्या वेळी जोराने पुढे फेकले जाते आणि सारा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो. म्हणूनच तान्ह्या मुलाचे आसन गाडीच्या मागील बाजूस तोंड करून ठेवतात. असे आसन पाठ, मान व डोके या तिन्हींस एकदम आधार देते. १९६० नंतरच्या दशकात स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांनी या धर्तीचे आसन तयार केले. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून जोर पेलतात, यावरून त्यांना ही कल्पना सुचली.

बालकाच्या वाढीप्रमाणे आसनाच्या तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी, मागे तोंड करून बसण्याच्या आसनाची. जन्मापासून निदान दोन वर्षांपर्यंत, आणि आसनावर दिलेल्या वजन-उंचीच्या मर्यादेत मूल बसत असेल तर त्याहूनही अधिक काळ, हेच आसन वापरावे. हे आसन चालू एअरबॅग असलेल्या पुढील जागेवर कधीही ठेवू नये. एअरबॅग फुगताना आसनाच्या पाठीवर एवढ्या जोराने आदळते, की मुलाचा प्राण जाऊ शकतो.

दुसरी पायरी, पुढे तोंड करून बसण्याच्या आसनाची. यात दोन्ही खांदे, दोन्ही बाजूंची कंबर व दोन्ही मांड्यांच्या मधला भाग अशा पाच ठिकाणी पट्टे असतात. खांद्यावरील पट्टा चिमटीत धरता आला, तर तो ढिला आहे असे समजावे. आसन हाताने हलवून पाहावे; पट्टा जेथून जातो तेथे ते एका इंचाहून अधिक सरकता कामा नये. थंडीच्या दिवसांत जाड स्वेटरावरून पट्टा बांधू नये; आधी पट्टा बांधून वरून शाल पांघरावी. उन्हात उभ्या केलेल्या गाडीतील पट्ट्याची धातूची टोके तापून मुलास चटका बसतो, म्हणून उन्हाळ्यात ती आधी हात लावून पाहावीत.

तिसरी पायरी, बूस्टर नावाच्या उंच बैठकीची. तीवर बसविल्याने मोटारीचाच पट्टा मुलाच्या खांद्यावर व कमरेवर योग्य जागी येतो. साधारणतः उंची पावणेपाच फूट, म्हणजे सुमारे १४५ सेंटिमीटर होईपर्यंत ही बैठक लागते. ती सोडण्याची कसोटी सोपी आहे. मुलाने पाठ पूर्ण टेकवून बसावे. गुडघे आसनाच्या कडेशी वाकावेत. पाय भुईस लागावेत. पट्टा खांद्याच्या मध्यावर व कमरेच्या हाडांवर यावा. यांतील एकही गोष्ट जमत नसेल, तर ते मूल अद्याप मोठ्या पट्ट्याच्या मापाचे झाले नाही. या तिन्ही पायऱ्यांवर मुलाची जागा मागील आसनावरच असावी.

हे आसन महाग पडते आणि खेड्यातील अनेक घरांस ते परवडणारे नाही, ही अडचण खरी आहे. ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु लग्नकार्याची मोठी पातेली व सतरंज्या गावात सामाईक असतात आणि ज्याच्या घरी कार्य त्याने त्या न्याव्यात, अशी जुनी रीत आहे. बचतगटाने, ग्रामपंचायतीने किंवा चार घरांनी मिळून अशी एक-दोन आसने घेतली, तर ज्याच्या घरी तान्हे मूल प्रवासास निघेल त्यास ती नेता येतील. मात्र कोठून आले हे ठाऊक नसलेले किंवा अपघातात सापडलेले जुने आसन घेऊ नये. त्याच्या आतील चिरा वरून दिसत नाहीत.

नेहमीचे आक्षेप

पालकांशी बोलताना शिक्षकांस काही ठराविक उत्तरे मिळतील. त्यांची तयारी असावी.

पहिला आक्षेप, "जवळच तर जायचे आहे." आघाताचा जोर अंतरावर नव्हे, तर वेगावर अवलंबून असतो. तालुक्याच्या वाटेवर ताशी ४० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीपुढे बैल आडवा आला, तर विहीर तेवढीच, वीस फूट खोल.

दुसरा आक्षेप, "चालक चांगला आहे." हा आक्षेप नाजूक आहे, कारण पाहुण्याने पट्टा बांधला तर चालकाचा अपमान होतो, असे कित्येकांस वाटते. परंतु समोरून येणारा ट्रक आपल्या चालकाच्या हाती नसतो. पट्टा बांधणे हा अविश्वास नव्हे. विहिरीस कठडा बांधणारा शेतकरी आपल्या मुलांवर अविश्वास दाखवीत नाही.

तिसरा आक्षेप, "मागे बसल्यावर पट्ट्याची गरज काय?" ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीवरील पुलाच्या कठड्यावर मोटार आदळून टाटा उद्योगसमूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. गाडी महागडी व भक्कम होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. ते दोघेही दगावले. पुढचे दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. पट्टा न बांधलेला मागचा माणूस स्वतःच मरतो असे नाही. तो पुढच्या माणसाच्या पाठीवर आदळून त्याचाही घात करतो.

चौथा आक्षेप, "गाडी पेटली किंवा पाण्यात पडली, तर पट्ट्यात अडकून राहू." असे अपघात थोडे. शिवाय तशा वेळीही बाहेर पडण्यास शुद्ध लागते. पट्ट्याने डोके वाचलेला माणूस शुद्धीवर राहतो आणि एका बोटाने कळ दाबून मोकळा होतो. डोके फुटून बेशुद्ध झालेल्यास पट्टा नसल्याचा काय उपयोग?

२०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी पट्टा बांधलेला नव्हता, अशी केंद्र सरकारच्या अहवालात नोंद आहे. त्यांतील जवळजवळ निम्मे चालक नसून प्रवासी होते. आक्षेप घेणाऱ्यांस हे आकडे सांगावेत, पण भीती घालण्याच्या सुरात सांगू नयेत.

कायद्याची तरतूद

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्या कलम १९४-ब प्रमाणे स्वतः पट्टा न बांधता गाडी चालविणाऱ्यास किंवा पट्टा न बांधलेले प्रवासी नेणाऱ्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे. चौदा वर्षांखालील मुलास पट्ट्याने किंवा बालकासाठीच्या आसनाने सुरक्षित न करता गाडी चालविणाऱ्यास किंवा चालवू देणाऱ्यास तेवढाच दंड सांगितला आहे. पुढे तोंड असलेल्या मागील आसनांवरील प्रवाशांनीही पट्टा बांधावा, असा नियम आहे. पट्टा न बांधल्यास वाजणारी घंटा बंद करण्यासाठी काही लोक खोटी टोके कुलपात अडकवून ठेवतात. अशा टोकांची विक्री थांबविण्याचे आदेश २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढले. घंटा वाजते ती जागे करण्यासाठी. तिचे तोंड दाबून धोका नाहीसा होत नाही.

कायद्याची माहिती द्यावी. परंतु सारा भर दंडावर ठेवू नये. पोलीस दिसताच पट्टा ओढणारा आणि वळण गेले की सोडणारा माणूस कायदा शिकला, सुरक्षितता शिकला नाही.

पट्टाच नसेल तेव्हा

खेड्यातील पुष्कळसा प्रवास पट्टे नसलेल्या वाहनांतून होतो, हे विसरून चालणार नाही. तेथे निवड करावयास शिकवावे. एस.टी. आणि माणसांनी ठासून भरलेली वडाप जीप यांत निवड असेल, तर मुलास एस.टी.ने न्यावे. मोटारीत मागे पट्टे असून आसनाच्या आवरणाखाली दडलेले असतील, तर प्रवासाआधी ते वर काढावेत. जितके पट्टे तितकीच माणसे, हा नियम ठेवावा आणि एखादा पट्टा कमी पडला, तर तो मोठ्याने सोडावा, मुलाने नव्हे, असे न म्हणता प्रवासी कमी करावा. जीपच्या पायरीवर, टपावर, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर किंवा टेम्पोच्या उघड्या हौद्यात मूल कधीही बसवू नये. तेथे आसनच नाही. मग पट्ट्याचा प्रश्न कोठला?

मोटारसायकलीवर टाकीपुढे बसविलेले मूल सर्वांत आधी फेकले जाते. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलास मोटारसायकलीवर नेताना त्यास चालकाशी बांधणारा सुरक्षासाज व मापाचे शिरस्त्राण घालावे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नेऊ नये, असा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. चार वर्षांवरील प्रत्येकास शिरस्त्राण सक्तीचे आहे.

शाळेच्या वाहनांविषयी २०११ चे महाराष्ट्राचे नियम आहेत. त्यांनुसार मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शालेय परिवहन समिती असते. तिची बैठक कागदावर न राहता, मुले ज्या रिक्षांतून व गाड्यांतून येतात त्या प्रत्यक्ष पाहून व्हावी. सहलीच्या गाडीत प्रत्येक मुलास स्वतंत्र जागा आहे की नाही, हे निघण्यापूर्वी शिक्षकांनी स्वतः मोजावे.

पाठाची आखणी

हा विषय नियम पाठ करवून शिकविता येणार नाही. तो दाखवावा लागतो. त्यासाठी खर्च लागत नाही.

चाके असलेली एक खेळगाडी घ्यावी. ओल्या चिकणमातीची बाहुली करून तीत बसवावी. फळी उतरती ठेवून खाली एक वीट आडवी मांडावी आणि गाडी सोडावी. गाडी विटेशी थांबेल, बाहुली विटेपलीकडे पडेल. दुसऱ्या वेळी बाहुली रुंद फितीने खांद्यावरून व कमरेवरून बांधावी. ती जागीच राहील. तिसऱ्या वेळी तीच बाहुली बारीक दोऱ्याने पोटावरच बांधावी. दोरा मातीत रुतलेला दिसेल. पट्टा का हवा, तो रुंद का, आणि पोटावर का नको, या तीन प्रश्नांची उत्तरे मुले स्वतःच देतील. चौथ्या वेळी मोठ्या बाहुलीच्या मांडीवर लहान बाहुली ठेवून गाडी सोडावी. या वेळी शिक्षकांनी काहीही बोलू नये. वर्गास जे समजावयाचे ते समजते.

वरच्या वर्गांत वेग आणि विहिरीची खोली यांचा तक्ता करून गणिताचा पाठ घ्यावा. भिंतीवर १४५ सेंटिमीटरवर खडूची रेघ ओढून प्रत्येक मुलाने आपली उंची तीस लावून पाहावी. गावात एखादी मोटार उभी असेल, तर मालकाच्या परवानगीने पट्टा हळू ओढून आणि मग हिसका देऊन पाहावा. हळू ओढता तो येतो. हिसका देताच अडतो. यंत्राची ही युक्ती मुले कधी विसरत नाहीत.

माता-पालकांच्या मेळाव्यात हा विषय काढताना मात्र शब्द जपून वापरावेत. मुलास मांडीवर घेणारी आई चुकत आहे, असे तिला वाटू देऊ नये. तिचे हात प्रेमात कमी पडत नाहीत. ते वेगापुढे कमी पडतात, एवढेच तिला सांगावे. बाहुलीचा प्रयोग मुलांकडूनच करवून घ्यावा. मुलाने दाखविलेली गोष्ट आई शिक्षकांच्या भाषणाहून अधिक लक्ष देऊन पाहते.

शेवटची गोष्ट शिक्षकांच्या स्वतःच्या वागणुकीची. आज अनेक शिक्षक मोटारीने किंवा मोटारसायकलीने शाळेत येतात आणि गुरुजी फाटकाशी उतरताना त्यांच्या खांद्यावर पट्टा होता की नाही, डोक्यावर शिरस्त्राण होते की नाही, हे सारा वर्ग पाहत असतो. फळ्यावरील धडा मुले वार्षिक परीक्षेनंतर विसरतील. फाटकाशी पाहिलेला धडा मात्र त्यांच्याबरोबर मोठा होईल. येत्या सुटीत ही मुले मामाच्या गावास निघतील. गाडी सुरू होण्यापूर्वी त्यांतील एखाद्याने जरी "आई, धाकट्याला मांडीवर नको, आधी पट्टा" असे म्हटले, तरी या विषयावर खर्च झालेला तास सत्कारणी लागला असे समजावे.